जकार्तात फ्लॅट घेण्यासाठी गावची ३ एकर विकावी का? (केलापा गादिंग भाग)

पऱ्हाटीवाला_दिग्रस
रामराम मंडळी. लहान भाऊ जकार्तात एका कापड कंपनीत लागला आहे. कंपनीनं काढून दिलेला २ वर्षांचा कितास, म्हणजे तिथला राहण्याचा परवाना, हातात आहे. सध्या केलापा गादिंग भागात महिन्याच्या भाड्यानं खोली घेऊन राहतो. एका दलालानं त्याला तिथंच ४५ चौरस मीटरचं अपार्टमेंट दाखवलं. किंमत ६५ कोटी रुपिया, आपले साधारण ३५ लाख रुपये. दलाल म्हणतो, परदेशी माणसाच्या नावानं एवढ्याशा फ्लॅटचं होत नाही. ऑफिसातल्या एखाद्या भरवशाच्या स्थानिक माणसाच्या नावानं घ्या आणि नोटरीकडे आपसातला कागद करून ठेवा. सगळे असंच करतात म्हणे.

घरी ८ एकर कोरडवाहू आहे, बाबांच्या नावानं. त्यातली ३ एकर काढून पैसे पाठवावे असं घाटत आहे. विचारायचं ते असं: दुसऱ्याचं नाव अन् आपला पैसा हे चालते का? पैसे इथून कायदेशीर कसे जातात, त्यावर काय कापतात? आणि घेतलंच नाही तर त्या भागात नीट राहायचं कसं, पाणी तुंबते म्हणतात ते कितपत? आकडे आणि नियमासहित सांगा, बाबांना वाचून दाखवायचं आहे.

समुद्रापार_वऱ्हाडी
पहिल्याचं उत्तर आधी वाचून दाखवा: चालत नाही. आता का ते.

इंडोनेशियाचा जमिनीचा मूळ कायदा १९६० चा, ५ नंबरचा. त्यात हक्कांच्या पायऱ्या आहेत. सगळ्यात वर 'हाक मिलिक', पूर्ण मालकी, मुदत नाही. ती फक्त तिथल्या नागरिकाला. त्याखाली 'हाक गुना बांगुनान', जमिनीवर इमारत उभी करून वापरण्याचा हक्क: ३० वर्षं, मग २० ची वाढ, मग ३० चं नूतनीकरण. हा नागरिकाला किंवा तिथं नोंदलेल्या कंपनीला मिळतो. तिसरा 'हाक पाकाई', म्हणजे वापराचा हक्क, मुदती तशाच. परदेशी माणसाला घर मिळतं ते या तिसऱ्या हक्काच्या जमिनीवर. २०२० चा रोजगारनिर्मिती कायदा आणि त्याखालचा २०२१ चा १८ नंबरचा नियम आल्यापासून परवाना असलेल्या परदेशी माणसाला अपार्टमेंटमधलं युनिटही स्वतःच्या नावानं घेता येतं.

म्हणजे दार बंद नाही, उंबरठा उंच आहे. २०२२ च्या मंत्रालयाच्या आदेशानुसार जकार्तात परदेशी माणसासाठी अपार्टमेंटची किमान किंमत ३ अब्ज रुपिया आणि घराची ५ अब्ज. १ रुपयाला १८६ रुपिया धरले तर ३ अब्ज म्हणजे १ कोटी ६१ लाख रुपये. तुमचा ६५ कोटी रुपियाचा फ्लॅट त्याच्या पाव हिश्शालाही पोचत नाही. म्हणून तर दलाल दुसऱ्याचं नाव काढतो आहे.

आता तो आपसातला कागद. असल्या व्यवहारात सहसा चार कागद एकत्र शिवलेले असतात: भावानं त्या माणसाला कर्ज दिल्याचा करार, फ्लॅट गहाण असल्याचा कागद, विक्रीचं मुखत्यारपत्र आणि 'हे घर खरं तर अमक्याचं' असं कबुलीपत्र. १९६० च्याच कायद्याचं २६ वं कलम म्हणतं की जमिनीची मालकी सरळ किंवा आडमार्गानं परदेशी माणसाकडे जावी म्हणून केलेला व्यवहार रद्दबातल, जमीन सरकारजमा, दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. फ्लॅटच्या बाबतीतही कायदा चुकवण्यासाठी केलेला करार म्हणून तो कोर्टात टिकेल अशी आशा धरू नका. शिवाय जमीनजुमल्यात मागे न घेता येणारं सर्वाधिकार मुखत्यारपत्र वापरायला १९८२ पासून मनाई आहे. म्हणजे चारातला एक कागद आधीच मेलेला.

बिघडतं कसं तेही पाहा. तो माणूस बेईमान असायची गरज नाही. तो वारला तर फ्लॅट त्याच्या बायकापोरांचा. त्याचा घटस्फोट झाला तर वाटणीत. त्यानं कर्ज थकवलं तर बँक जप्ती आणते आणि त्याच्या नावाची मालमत्ता मोजते. भावानं कबुलीपत्र काढून कोर्टात दाखवलं की तेच त्याच्या विरोधातला पुरावा. आणि त्या सहकाऱ्याचं बेनामीचं ओझंही लक्षात घ्या; त्याच्या नावावर कर लागतो, विवरणपत्रात त्याला ती मालमत्ता दाखवावी लागते. भरवशाचा माणूस असेल तर त्याला या भानगडीत घालूच नये.

कोणी म्हणेल कंपनी काढा. परदेशी भांडवलाच्या कंपनीला (तिथं पीटी पीएमए म्हणतात) १० अब्ज रुपियापेक्षा जास्त गुंतवणुकीचा आराखडा द्यावा लागतो. एका खोलीच्या फ्लॅटसाठी हा विषयच नाही.

मोर्शीचा_संत्रा
एवढं घाबरवता कशाला राजेहो. भाड्यात पैसा जातोच आहे ना महिन्याच्या महिन्याला? फ्लॅट असला तर तेच भाडं घरात राहील, आणि भाऊ परत आला तर भाडेकरू ठेवता येईल. कायदेशीर युनिट मिळत असेल तर घ्यायला काय हरकत?

समुद्रापार_वऱ्हाडी
@मोर्शीचा_संत्रा, कायद्याचं बाजूला ठेवून नुसता हिशेब करू. समजा ६५ कोटीच्या या फ्लॅटला महिना ४० लाख रुपिया भाडं आलं. वर्षाचे ४.८ कोटी. एक महिना रिकामा धरा, राहिले ४.४ कोटी. जमीन-इमारतीच्या भाड्यावर तिथं एकूण भाड्याच्या १० टक्के अंतिम कर आहे, खर्च वजा न करता. गेले ४४ लाख. इमारतीचा देखभाल-आकार चौरस मीटरवर असतो. २० हजार रुपिया दर धरला तर ४५ मीटरचे महिना ९ लाख, वर्षाचे १.०८ कोटी. एसीची दुरुस्ती, रंग, मालमत्ता कर मिळून ३८ लाख धरा. हातात उरले अडीच कोटी. ६५ कोटीवर अडीच कोटी म्हणजे पावणेचार टक्क्यांच्या थोडं वर. आपल्या इथली बँकेची ठेव याहून बरी, आणि तिला गळका नळ नसतो.

घेताना आणखी लागतं ते वेगळं. खरेदीदाराला ठरावीक सूट-रक्कम सोडून ५ टक्के हस्तांतरण कर, नवं युनिट असेल तर विक्रीकर, दस्त करणाऱ्या अधिकाऱ्याची फी (कमाल १ टक्का). विकताना विक्रेत्याला एकूण किमतीच्या अडीच टक्के, नफा असो वा तोटा. म्हणजे आत शिरून बाहेर पडेपर्यंतच ८-१० टक्के जाऊ शकतात. त्यात जकार्तात अपार्टमेंट ढिगानं बांधून ठेवलेत. जुनं युनिट विकायला महिनोन्‌महिने लागतात. कितास संपून देश सोडला तर परदेशी मालकाला १ वर्षाच्या आत ते हस्तांतरित करावं लागतं, आणि घाईत विकणाऱ्याला काय भाव मिळतो ते बाजार समितीत कापूस नेणाऱ्याला सांगायला नको.

परदेशी माणसाला गृहकर्जही बहुतेक बँका देत नाहीत. म्हणजे 'भाड्याऐवजी हप्ता' हा पर्यायच नाही, सगळी रक्कम एकदम.

पुढेमागे कोणाची ३ अब्जाची ऐपत झाली तर एवढं पाहावं. बिल्डर आधी 'पेपेजेबे' नावाचा करार करतो. तो साठेखत आहे, खरेदीखत नाही. खरेदीखत ('आजेबे') पेपेआते या नेमलेल्या अधिकाऱ्यासमोर होतं आणि त्यानंतर युनिटचं स्वतंत्र प्रमाणपत्र निघतं. अनेक इमारतींत लोक वर्षानुवर्षं राहतात, पण जमिनीचं मूळ प्रमाणपत्र युनिटवार फोडलेलंच नसतं. बिल्डर दिवाळखोरीत गेला तर हे लोक घेणेकऱ्यांच्या रांगेत. जमिनीच्या हक्काची मुदत कधी संपते ती तारीख प्रमाणपत्रावर असते. २० वर्षांपूर्वीची इमारत असेल तर मुदत जवळ आलेली असू शकते आणि वाढवायचा खर्च सगळ्या मालकांवर येतो. प्रमाणपत्राची खातरजमा भूमी कार्यालयातून पेपेआतेमार्फतच करून घ्यायची. दलालानं दाखवलेली झेरॉक्स काही कामाची नाही.

हिशेब_वही (वणी)
दुसऱ्या प्रश्नाचं लिहितो. फ्लॅट घेणार नसाल तरी वाचून ठेवा, कारण पैसे पाठवायचा विषय पुन्हा निघतोच.

शेती विकल्यावर कर: ग्रामीण शेतजमीन आयकरात भांडवली मालमत्ता धरत नाहीत, म्हणून नफ्यावर कर नाही. पण 'ग्रामीण' कशाला म्हणायचं ते अंतरावर ठरतं. १० हजार ते १ लाख वस्तीच्या नगरपरिषदेच्या हद्दीपासून सरळ रेषेत २ किलोमीटरच्या आत असेल तर ती शहरी. दिग्रसला हाच नियम लागतो. सर्वे नंबर नकाशावर मोजून घ्या, नाहीतर कर बसेल. बयाणा किंवा किमतीपैकी २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेऊ नका. जेवढी रोख तेवढाच दंड.

पाठवायचा रस्ता: बाबा भारतात राहतात, तेव्हा त्यांना रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेतून एका आर्थिक वर्षात २.५ लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. पॅन हवा, बँकेत ए-२ फॉर्म आणि घोषणापत्र द्यायचं, कारण नीट लिहायचं (मुलाला भेट की परदेशात मालमत्ता, दोन्हींचे कोड वेगळे). बँक सहसा डॉलर पाठवते, तिथं रुपिया होतात. दोन्ही टोकांना बँक दरात आपला वाटा ठेवते, म्हणून एकदा ५० हजारांची रक्कम पाठवून हातात किती पडले ते तपासा.

यावर टीसीएस, म्हणजे पाठवतानाच बँकेनं सरकारसाठी घेतलेली रक्कम, कापतात. वर्षभरात सगळ्या बँका मिळून १० लाखांपर्यंत काही नाही. त्यापुढे भेट किंवा गुंतवणुकीसाठी २० टक्के. ३५ लाख पाठवायचे तर २५ लाखांवर ५ लाख. म्हणजे खात्यात ४० लाख हवे. हा कर नव्हे, आगाऊ कपात आहे. बाबांचं बाकी उत्पन्न शेतीचंच असेल तर विवरणपत्र भरून पूर्ण परत मिळतो, पण तोवर पैसा अडकतो. विवरणपत्रच भरलं नाही तर मात्र गेला.

आई, बाबा, बहीण यांच्या नावानं तुकडे पाडून पाठवायची युक्ती लोक सुचवतात. मालमत्ता घ्यायची असेल तर ज्यांच्या मर्यादेतून पैसे गेले ते सगळे त्यात सहमालक हवेत, नाहीतर बँकेनं ते चालवू नये असा नियम आहे. आणि परदेशी गुंतवणुकीसाठी बँकेनं इथं कर्ज देऊ नये हाही नियम आहे; पीककर्ज किंवा सोनेतारण काढून त्यात घालायचा विचार असेल तर सोडा.

बाबांचं नाव तिथल्या मालमत्तेत आलं की दरवर्षी विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचं परिशिष्ट भरणं सक्तीचं, उत्पन्न शून्य असलं तरी. चुकलं तर काळ्या पैशाच्या २०१५ च्या कायद्याखाली १० लाखांचा दंड लागू शकतो. दिग्रसमधलं जुनं घर वगैरे विकून तिथं घर घेतलं तर घरावरची भांडवली नफ्याची सूटही मिळत नाही. ती भारतातल्याच घराला आहे.

भावासाठी एक. नोकरीसाठी बाहेर गेला की त्याचं इथलं साधं बचत खातं एनआरओ (बाहेर राहणाऱ्या भारतीयाचं इथल्या पैशासाठीचं खातं) करून घ्यावं लागतं. तिथला पगार इथं पाठवायचा असेल तर एनआरई खातं उघडा. त्यावरचं व्याज भारतात करमुक्त आणि पैसा परत बाहेर न्यायला आडकाठी नाही. माझ्या मते पैशाची दिशाच उलटी हवी: तिकडून इकडे.

तिथल्या सामाजिक सुरक्षेचं विसरू नये. ६ महिने किंवा जास्त काम करणाऱ्या परदेशी माणसालाही बीपीजेएस ही सरकारी योजना लागू आहे. म्हातारपणाच्या खात्यात पगाराच्या ५.७ टक्के जमा होतात, ३.७ कंपनीचे आणि २ कामगाराचे. देश कायमचा सोडताना ती रक्कम काढता येते. कार्डाचा नंबर, पगारपत्रकं आणि कंपनीचं सोडल्याचं पत्र सांभाळून ठेवायला सांगा. परत आल्यावर इथून पाठपुरावा करणं फार किचकट.

फेरफार_घाटंजी
म्या फक्त शेतीपुरतं सांगतो. सातबारा काढून पाहा, भोगवटदार वर्ग १ हाय का २. वर्ग २ असन तं कलेक्टरच्या परवानगीबिगर इकता येत नाई, नजराणा भरा लागते. इतर हक्कात सोसायटीचा बोजा असन तं तो आधी उतरवून घ्या, फेरफार होईपर्यंत थांबा. जमीन वाडवडलाची असन तं पोरींचा वाटा बी लागते. त्यायच्या सह्या घेतल्याशिवाय घेणारा पैसे देत नाई, अन् देऊ बी नये.

घेणारा शेतकरीच पायजे, आपल्या विदर्भाच्या १९५८ च्या कायद्यात तसंच हाय. अन् भावाचं एक ध्यानात ठेवा: तो बाहेर राहणारा झाला तं त्याले इथं नवी शेतजमीन इकत घेता येत नाई. वारसानं येईन तेवढीच. आज ३ एकर काढली तं उद्या त्याच्या पगारातून परत घेऊ म्हणान, ते त्याच्या नावानं होनार नाई.

वायरमन_आर्णी
तिसऱ्या प्रश्नातला विजेचा भाग.

तिथं बहुतेक घरी पीएलएनचं (तिथली सरकारी वीज कंपनी) प्रीपेड मीटर असतं. मीटरवर ११ आकडी नंबर असतो. तो ॲपमध्ये किंवा चौकातल्या दुकानात सांगून पैसे भरले की २० आकडी टोकन मिळतं. ते मीटरच्या बटणांवर दाबून एंटर करायचं, युनिट जमा होतात. युनिट संपत आले की मीटर टीं-टीं करत बसतं. रात्री झोपेत ऐकू येतं तेच ते.

खोली पाहताना जोडणीची क्षमता पाहा, भाड्यापेक्षा याच्यावरून जास्त भांडणं होतात. मीटरच्या ब्रेकरवरचे ॲम्पिअर वाचले की कळतं: ४ म्हणजे ९०० व्हीए, ६ म्हणजे १३००, १० म्हणजे २२००, १६ म्हणजे ३५००. १ पीकेचा (तिथं एसीची ताकद या मापात सांगतात) एसी ८०० वॉटच्या आसपास घेतो, भाताचा कुकर ३५०-४००, पाण्याची मोटर २५०. १३०० व्हीएवर हे तिन्ही एकदम चालू झाले की ब्रेकर पडलाच. मोटर सुरू होताना क्षणभर दुप्पट-तिप्पट ओढते, म्हणून बेरीज बसते असं वाटूनही पडतो. एकट्यासाठी अर्ध्या पीकेचा एसी (४०० वॉट) आणि १३०० व्हीए जमतं. कुटुंब न्यायचं असेल तर २२०० पाहा. क्षमता वाढवायचा अर्ज मालकाच्या नावानं होतो, तेव्हा करार करायच्या आधीच बोलून घ्या. १३०० आणि २२०० व्हीएचा घरगुती दर सारखाच, युनिटला १,४४४.७० रुपिया, ३५०० व्हीएपासून १,६९९.५३.

मिक्सर इथून न्यायला हरकत नाही. दाब २२०-२३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ, आपल्यासारखाच. पण सॉकेट दोन गोल पिनांचं आहे, आपली तीन पिनांची कॅप बसत नाही. बाजारातला स्वस्त ॲडॉप्टर अर्थिंग तोडतो. त्यापेक्षा तिथल्या दुकानातून बाजूला अर्थिंगच्या पट्ट्या असलेली कॅप घेऊन वायरलाच बसवा.

जावा_बेटावरून
पाण्याचं. केलापा गादिंग उत्तर जकार्तात आहे. १९७० च्या दशकापासून भाताची खाचरं आणि दलदल भरून वसवलेला भाग. आज मॉल, शाळा, रुग्णालयं सगळं आहे, २०१९ पासून वेलोड्रोम स्थानकापर्यंत एलआरटी ही शहरी रेल्वे धावते, पण जमीन सखलच. जकार्तातून १३ नद्या समुद्राकडे जातात आणि उत्तरेकडची जमीन भूजल उपशानं खचते आहे. त्यामुळे पाणी आपोआप वाहून जात नाही, पंपानं उचलून टाकावं लागतं. पंप बंद पडला किंवा नदीला भरती अडवते तेव्हा गल्ली भरते. २००७ आणि २०२० ला हा भाग चांगलाच बुडाला होता. १ जानेवारी २०२० ला शहराच्या पूर्वेकडच्या हलीम विमानतळावर २४ तासांत ३७७ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. यवतमाळकडं वर्षभरात पडतो त्याचा तिसरा हिस्सा तरी एका दिवसात.

तरी सगळा भाग सारखा नाही, गल्लीगणिक फरक आहे. आपल्याकडं तूर काढतात ते जानेवारी-फेब्रुवारीचे दिवस तिथं ऐन पावसाचे. घर पाहायचं तर तेव्हा, जोराच्या सरीनंतर २-३ तासांनी. कुंपणाच्या भिंतीवर एकाच उंचीवर तपकिरी रेघ दिसते का पाहा. ताजा रंग फक्त खालच्या मीटरभर भागाला असेल तर विचारा का. घराची जोती रस्त्यापेक्षा वर आहे की खाली? तिथं रस्ता दर काही वर्षांनी उंच करतात आणि जुनं घर खड्ड्यात राहतं. सॉकेट जमिनीपासून हातभर वर घेतलेले असतील तर घरमालकानं पाणी पाहिलेलं आहे असं समजा. शेजारच्या टपरीवाल्याला विचारलेलं दलालाला विचारण्यापेक्षा बरं. शहराच्या 'जाकी' ॲपवर पुराच्या सूचना येतात.

अपार्टमेंटमध्ये आठव्या मजल्यावर आहोत म्हणून निर्धास्त राहू नये. विजेचं पॅनेल आणि जनरेटर तळघरात असतील तर पाणी शिरल्यावर आठवडाभर लिफ्ट, मोटर, दिवे सगळं बंद. पाहायला गेलात की सुरक्षारक्षकाला एकच विचारा: पॅनेल कोणत्या मजल्यावर?

नळाचं पाणी पाम जाया ही शहराची पाणी कंपनी पुरवते. ते पिण्याचं नाही; पिण्यासाठी १९ लिटरचा जार (तिथं गॅलन म्हणतात) दारात येतो. उत्तर भागात बोअरचं पाणी खारट, साबणाला फेस येत नाही, नळ गंजतात. खोलीत नळ सोडून ओंजळीत चव घ्या आणि पामची जोडणी आहे का ते बिल पाहून खात्री करा. स्वयंपाकाला ३ किलोचा हिरवा सिलिंडर स्वस्त मिळतो, पण तो गरिबांसाठीचा अनुदानित आहे, परदेशी नोकरदारानं घेऊ नये. ५.५ किंवा १२ किलोचा घ्यावा.

गल्लीचं राज्य आरटीकडे असतं, ठरावीक घरांमागे एक निवडलेला प्रमुख, त्यावर आरडब्ल्यू. राहायला गेलं की पहिल्या दिवशी पासपोर्ट आणि कितासची प्रत घेऊन त्याच्याकडे जायचं, रात्री पाहुणा मुक्कामाला असेल तर २४ तासांत सांगायचं. कचरा आणि राखणीची महिन्याची वर्गणी असते. पत्ता बदलला की इमिग्रेशनलाही कळवावं लागतं; नुसतं मालकाला सांगून भागत नाही. रमजान ईदच्या आधी कामवाली, चौकीदार गावी जातात आणि जादा पगार देण्याची रीत आहे, तो खर्च धरून ठेवा.

भाड्याच्या तीन तऱ्हा. 'कोस' म्हणजे खोली, महिन्याला, वीज कधी आत कधी बाहेर. अपार्टमेंट ६ किंवा १२ महिन्यांचं एकरकमी आणि वर अनामत. पूर्ण घर घ्यायचं तर वर्षाचं, कधी २ वर्षांचं भाडं आगाऊ मागतात. इथं करारात एक ओळ घालून घ्या की नोकरी सुटली किंवा परवाना रद्द झाला तर न राहिलेल्या महिन्यांचे पैसे परत. नंतर मागून मिळत नाहीत. मालकाचं ओळखपत्र, प्रमाणपत्राची प्रत आणि त्या वर्षीची मालमत्ता कराची पावती या तिन्हीवर नाव एकच हवं. पावतीवर १० हजार रुपियाचा मेतेराई, म्हणजे महसुली तिकीट, आणि सही त्यावरून गेलेली.

खाण्याचं थोडक्यात: तूरडाळ, कणीक पासार बारू आणि सुंतरकडच्या भारतीय दुकानांत मिळते, ज्वारी मिळेल या भरवशावर जाऊ नका, पीठ इथून न्या. भाऊ शाकाहारी असेल तर चटणीत सुकट घातलेली असते हे ध्यानात ठेवावं, 'तान्पा तेरासी' म्हणून मागावं. तेंपे मात्र खावं, सोयाबीनचंच आहे.

पऱ्हाटीवाला_दिग्रस
सगळ्यांचे आभार. बाबा म्हणाले जमीन राहू द्या. दोन गोष्टी उरल्या. दलाल ५० लाख रुपिया 'तांदा जादी' मागतो आहे, फ्लॅट अडवून ठेवायला. अजून दिले नाहीत, पण व्हॉट्सॲपवर भाऊ 'हो' म्हणून बसला आहे. आणि इथल्या घराच्या एका कामासाठी भावाचं मुखत्यारपत्र लागणार आहे, ते तिथून कसं करायचं?

समुद्रापार_वऱ्हाडी
तांदा जादी म्हणजे इसार. दिला असता आणि माघार घेतली असती तर सहसा परत मिळत नाही. सही किंवा पैसे गेले नाहीत तर आजच दलालाला लेखी कळवा: "कायद्यानं माझ्या नावावर होत नाही, म्हणून घेत नाही, कोणताही करार झालेला नाही." निरोप इंडोनेशियन भाषेत लिहून पाठवा आणि त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. सहकाऱ्यालाही सांगा की त्याचं ओळखपत्र दलालाकडे दिलं असेल तर प्रत परत घ्यावी. पासपोर्टची प्रत कोणाला द्यायचीच असेल तर तिच्यावर आडवं लिहून द्या की ती कशासाठी आहे, तारखेसह.

हिशेब_वही (वणी)
मुखत्यारपत्राचा मसुदा इथल्या वकिलाकडून आधी करून घ्या. गट नंबर, घर क्रमांक, कोणतं काम आणि कोणाला अधिकार ते नेमकं. 'सर्व व्यवहार' असं मोघम लिहिलेलं दुय्यम निबंधकाकडे अडतं. भावानं जकार्तातल्या भारतीय दूतावासात वेळ घेऊन, पासपोर्ट घेऊन, अधिकाऱ्यासमोर सही करायची. आधी सही करून नेऊ नये. मूळ कागद कुरिअरनं इथं आल्यापासून ३ महिन्यांच्या आत मुद्रांक कार्यालयात नेऊन मुद्रांक भरून घ्यायचा. कुरिअरचं पाकीट आणि पावती फेकू नका, तारीख त्यावरूनच धरतात.

जावा_बेटावरून
आणि भावानं खोली बदलायची ठरवली तर पैसे द्यायच्या आधी मीटरच्या पडद्याचा फोटो काढून घ्यावा, उरलेले युनिट दिसतील असा. जुना भाडेकरू वजामध्ये सोडून गेला की टोकनमधले पहिले पैसे त्यात जातात असं सांगून मालक हात वर करतो.

वायरमन_आर्णी
@जावा_बेटावरून, प्रीपेड मीटर वजामध्ये जात नाही, शून्यावर तुटतं. पण जुन्या पोस्टपेड जोडणीची थकबाकी किंवा वीजचोरीचा दंड त्या ग्राहक क्रमांकावर बाकी असू शकतो, आणि तो फिटेपर्यंत टोकन मिळत नाही. तेव्हा फोटोसोबत त्या नंबरवर सगळ्यात लहान रकमेचं एक टोकन मालकासमोरच काढून पाहा. निघालं तर जोडणी साफ.